कुरणात गाजरगवत, धुऱ्यापलीकडे पऱ्हाटी

वाचकाचं पत्र

नमस्कार. काटोल तालुक्यात आमचं ३ एकर पडीत वावर आहे, त्यात आमची ढोरं चरतात. ४ गवळाऊ गायी, १ म्हैस आणि ५ शेळ्या. आमचे हे हिंगण्याच्या एमआयडीसीत कामाला असल्यानं ढोरांचं आणि दुधाचं मीच बघते. दोन वर्षांपासून कुरणात गाजरगवत, तरोटा आणि गोखरू इतकं माजलं आहे की चारा दिसतच नाही. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. कृषी केंद्रात विचारलं तर त्यांनी एक डबा दिला, ‘दोन दिवसांत सगळं जळते’ म्हणाले. त्यावर ‘पॅराक्वाट डायक्लोराईड २४ टक्के एसएल’ लिहिलं आहे. बिल दिलं नाही. डबा मी अजून फोडला नाही. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे कुरणात मारतात त्या औषधाचं नाव त्यानं पाठवलं, ‘मागवून देऊ का’ म्हणतो. पूर्वेकडच्या धुऱ्याला लागून भासऱ्यांची पऱ्हाटी (कापूस) आहे आणि तिच्यापलीकडे त्यांचाच संत्र्याचा बगीचा. रुंद पानांचं तण मरेल आणि गवत राहील असं औषध कोणतं? ते मारल्यावर ढोरं कधी सोडायची? दूध विकलं तर चालेल का?

— एक वाचक, काटोल तालुका

उत्तर

ताई, डबा फोडला नाही हे फार बरं केलंत. तो तसाच कुलपात ठेवा. स्वयंपाकघरात नको, ढेपेच्या पोत्याजवळ नको आणि पोरांचा हात पोचेल अशा फळीवर तर नकोच नको.

पॅराक्वाट तुमच्या कामाचं नाही. दुकानदार खोटं बोलला नाही, दोन दिवसांत सगळं जळतं हे खरंच आहे. पण त्या ‘सगळं’मध्ये तुमचं गवतही आलं. जिथं थेंब पडेल तिथलं हिरवं करपतं, मूळ मात्र जमिनीत शाबूत राहतं. मोठं झालेलं तणकट पंधरा-वीस दिवसांत बुडापासून पुन्हा फुटतं आणि मधल्या काळात ढोरांना चरायला काही उरत नाही. शिवाय हे विष असं आहे की पोटात एखादा घोट गेला तरी माणूस वाचणं अवघड. फुप्फुसं निकामी होतात आणि त्याला उतारा नाही. लहान पोरं असलेल्या घरात हा डबा ठेवायचा म्हणजे चोवीस तास त्याच्यावर पहारा द्यायचा. इतकी जोखीम घेऊन हाती काय लागणार, तर करपलेलं कुरण.

दुसरं कोणी तुम्हाला ग्लायफोसेट सुचवेल. तेही गवतासकट मारतं आणि मुळापर्यंत जाऊन मारतं. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला आहे. आपल्याकडे चोरट्या तणनाशक-सहनशील कापसामुळे ते गावोगावी मिळतं, म्हणून ते कुरणात मारायचं असं होत नाही.

तुम्हाला हवं आहे निवडक तणनाशक, म्हणजे रुंद पानांवर चालणारं आणि गवतवर्गीय झाडांना सोडणारं. आपल्या भागात सहज मिळणारं त्यातलं जुनं औषध म्हणजे २,४-डी. झाडात वाढीचं जे नैसर्गिक द्रव्य असतं त्याची ही नक्कल आहे. रुंद पानाच्या झाडात ते गेलं की वाढ बेताल होते, शेंडा वाकतो, खोड पिळवटतं आणि आठ-पंधरा दिवसांत झाड बसतं. मारवेल, पवना, कुसळी, हराळी यांना नेहमीच्या मात्रेत फारसं काही होत नाही. मात्र त्याला निवड कळते ती एवढीच, रुंद पान की गवत. कुरणात कुणी स्टायलो किंवा दशरथ घास असा शेंगवर्गीय चारा लावला असेल तर तोही जाईल. आणि शेळ्यांचं काय? शेळी गवतापेक्षा झुडपांची, रुंद पानांची जास्त शौकीन. रुंद पान साफ केलं तर गायींची सोय होईल, शेळ्यांची पंचाईत.

बाजारात २,४-डी तीन रूपांत दिसेल. डायमिथाईल अमाइन सॉल्ट ५८ टक्के एसएल हे पाण्यात विरघळणारं द्रव. सोडियम सॉल्ट ८० टक्के ही भुकटी. आणि इथाईल ईस्टर ३८ टक्के ईसी. दुकानात तिन्हींना ‘टू-फोर-डी’ असंच म्हणतात, घोळ तिथंच होतो. ईस्टर घेऊ नका. उन्हात त्याची वाफ होते आणि ती वाफ फवारणीनंतरसुद्धा उठून दुसऱ्याच्या वावरात जाते. घ्यायचंच असेल तर अमाइन सॉल्ट.

‘घ्यायचंच असेल तर’ असं म्हणतोय, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य औषधाबद्दलचं नाही, भासऱ्यांच्या पऱ्हाटीबद्दलचं आहे. २,४-डीला पऱ्हाटीइतकं हळवं पीक क्वचितच असेल. तणासाठी जी मात्रा लागते तिच्या शंभराव्या भागाहूनही कमी औषध पऱ्हाटीवर गेलं तरी नवी पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, बोटं फुटल्यासारखी येतात, शिरा जवळ येतात, पात्या-फुलं गळतात. विदर्भात दरवर्षी कुठं ना कुठं असं वावर दिसतं आणि कास्तकार बियाण्याला नाहीतर व्हायरसला दोष देत बसतो. खरं कारण अनेकदा शेजारच्या धुऱ्यावर मारलेला फवारा असतो, नाहीतर तणनाशकाचा न धुतलेला पंप.

आता वाऱ्याचं बघा. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. तुमचं कुरण पश्चिमेला, पऱ्हाटी पूर्वेला. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही फवारलेला प्रत्येक उडता थेंब भासऱ्यांच्या वावराकडेच निघणार. पऱ्हाटी आत्ता महिना-सव्वा महिन्याची, पात्या धरण्याच्या बेतात. म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो: या खरिपात तुमच्या कुरणात २,४-डी मारू नका, अमाइनही नाही. औषधाचे दोन-तीन हजार रुपये वाचतील ते सोडा, भासऱ्यांशी बोलणं बंद होईल त्याची किंमत कोण लावणार?

संत्र्याबद्दल तुम्हाला कोणी सांगेल, ‘अहो, आम्ही तर बगीच्यात टू-फोर-डी मारतोच, काही होत नाही.’ ते खोटं नाही. नागपुरी संत्र्याची फळगळ थांबवायला २,४-डी किंवा जिबरेलिक ॲसिडची शिफारस आहेच. पण ती १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅमची. तणासाठीचं द्रावण त्याच्या शंभर पटीहून अधिक कडक असतं. ते नव्या नवतीवर गेलं तर पानं वळतात आणि बहाराचं नुकसान होतं. एकाच नावाचं औषध बगीच्यात चालतं म्हणून धुऱ्यावरूनही चालेल, हा हिशेब चुकीचा आहे.

मग औषध मारायचं कधी? पुढच्या वर्षी मृगात. पहिले दोन चांगले पाऊस झाले की गाजरगवताची रोपं आठ-दहा दिवसांत टाचणीसारखी वर येतात. दोन-चार पानांची असतात तेव्हा ती कमी औषधात मरतात. भासऱ्यांची सरकी त्या वेळी नुकती पडलेली असते किंवा पडायची असते. पऱ्हाटी उगवून वर यायच्या आत चार-सहा दिवसांची फट मिळते. त्यांच्याशी आधी बोलून ठेवा, ‘तुम्ही टोबणी कधी करता ते सांगा, त्याआधी मी फवारून घेते.’ ही फट चुकली तर पूर्वेचा पट्टा त्या वर्षी हातानंच करायचा. पश्चिमेकडच्या, पऱ्हाटीपासून लांबच्या भागात दसऱ्यानंतर वारा फिरून पूर्वेकडून वाहू लागला की फक्त ठिगळाठिगळांवर मारता येईल. तुमच्या पश्चिमेला, उत्तरेला, दक्षिणेला काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तिथं तूर, सोयाबीन, हरभरा, भाजीपाला असेल तर तीही रुंद पानंच, त्यांनाही हेच लागू.

कृषी केंद्रवाले मेटसल्फ्युरॉन मिथाईल नावाची छोटी पुडीही दाखवतील. एकरी ग्रॅममध्ये लागते, स्वस्त पडते, त्यामुळे मोह होतो. रुंद पानावर ती चालते, पण आपल्या काळ्या, चुनखडीच्या, विम्ल जमिनीत ती लवकर विरत नाही. कुरण मोडून पुढं तिथं तूर किंवा हरभरा घ्यायचा विचार असेल तर ती नकोच.

आता या वर्षीचं. गाजरगवत पन्नासच्या दशकात पुण्यात दिसलं, अमेरिकेतून आलेल्या गव्हासोबत आलं असं मानतात, आणि आज ते नसलेलं गाव सापडत नाही. त्याचं बळ बियांत आहे. एक झाड हजारो बिया टाकतं. त्यामुळे फूल येण्याआधीचं एक निंदण हे फुलांनंतरच्या तीन फवारण्यांना भारी पडतं. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जमीन मऊ असते, झाड मुळासकट येतं. वरून कापलं तर बुडातून चार फांद्या फुटतात, म्हणून उपटायचंच. हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं. याच्या परागानं आणि स्पर्शानं अंगावर खाज उठते, काहींना दमा होतो. एकदा ॲलर्जी जडली की सुटत नाही. ज्या बाईला आधीपासून खाज आहे तिला या कामावर लावू नका. फूल न आलेलं उपटलेलं गाजरगवत खड्ड्यात कुजवून खत होतं. फूल आलेलं नाही, त्याचं बी खतातून पुन्हा तुमच्याच वावरात येतं.

तिन्ही एकर एकदम करायला जाऊ नका, मजुरीचा आकडा बघूनच हात गळतील. पूर्वेचा धुरा आणि गोठ्याकडचा भाग आधी घ्या, बाकीचा फूल येण्याच्या बेतात आला की ग्रास कटरनं खाली घ्या. मूळ राहील, पण बी पडणार नाही.

पानांवर करड्या रंगाचा, काळ्या रेषांचा छोटा भुंगा दिसला तर त्याला मारू नका. तो मेक्सिकन भुंगा, शास्त्रीय नाव झायगोग्रामा, १९८४ पासून भारतात गाजरगवतासाठीच सोडला आहे. पावसाळ्यात तो झाडांची पानं खाऊन चाळणी करतो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह असतो. त्या सुमारास कृषी विज्ञान केंद्रात विचारलं तर भुंग्यांची चौकशी होऊ शकेल. एका हंगामात तो कुरण साफ करेल अशी आशा मात्र धरू नका.

तरोट्याला मी गाजरगवताच्या रांगेत बसवणार नाही. तो गाजरगवताला दाबतो, जिथं दाट तरोटा तिथं गाजरगवत विरळ. कोवळा असताना तुमच्याकडे भाजी होतच असेल. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत हे खरं, म्हणून चराईच्या भागात शेंगा धरायच्या आधी विळ्यानं घ्या आणि धुऱ्यावरचा राहू द्या. गोखरूची कोवळी, दोन पानांची रोपं ढोरांना विषारी असतात. ती पुरानंतर नाल्याकाठी झुंडीनं उगवतात, तिथं वासरं सोडू नका. घाणेरी किंवा बेशरम असेल तर तीही खणूनच काढा.

व्हॉट्सॲपवर मीठ, व्हिनेगर आणि साबणाच्या पाण्याचा नुस्खा फिरतो, तो तुमच्यापर्यंत आला असेलच. मिठाच्या कडक पाण्यानं गाजरगवत मरतं, रस्त्याच्या कडेला ते कोणी करावं. चराईच्या जमिनीत मीठ ओतून पुढं तिथं गवतही उगवणार नाही.

पुढच्या मृगासाठी औषध घ्याल तेव्हा परवाना भिंतीवर लावलेल्या कृषी केंद्रातूनच घ्या, मग ते काटोलला असो की नागपूरच्या कॉटन मार्केटला. पक्कं बिल मागा, त्यावर औषधाचं पूर्ण नाव, बॅच नंबर आणि किंमत लिहून घ्या. ‘उधारीवर नेता ना, मग बिल कशाला’ असं ऐकवलं तर दुकान बदला. औषध बाद निघालं किंवा शेजाऱ्याचं नुकसान झालं तर बिलाशिवाय तालुका कृषी अधिकारी तरी काय करणार? डब्यावर कंपनीच्या नावापेक्षा आधी घटकाचं नाव आणि टक्केवारी वाचा. नोंदणी क्रमांक, उत्पादन आणि मुदतीची तारीख, सील आणि आतलं मराठी माहितीपत्रक बघा. त्या पत्रकात ‘पीक नसलेली जमीन’ आणि गाजरगवत यांचा उल्लेख असलेलंच घ्या. एकरी मात्रा तिथं छापलेली असते. ती दुकानदाराच्या तोंडून नको, माझ्याकडूनही नको. डब्यावरचा चौकोनही बघा. त्यातल्या खालच्या त्रिकोणाचा लाल रंग म्हणजे अति विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ कोणी काढू नये. बाटलीतून सुटं काढून दिलेलं औषध कधीच घेऊ नका.

पंपाचा हिशेब असा. १५ लिटरच्या पंपात नुसतं पाणी भरा आणि नेहमीच्या चालीनं कुरणात फवारत चला. पाणी संपलं की किती जागा भिजली ते मोजा. समजा ३ गुंठे झाली. एकरात ४० गुंठे, म्हणजे एकराला साधारण १३ पंप, २०० लिटर पाणी. लेबलवर एकरी समजा ८०० मिली लिहिलं असेल, तर प्रत्येक पंपाला ६० मिली. हा आकडा फक्त गणित समजावं म्हणून, खरा आकडा तुमच्या डब्यावरचा. झाकणानं मोजू नका, मापाचा ग्लास वीस-तीस रुपयांना मिळतो. ‘जरा जास्त टाकलं तर लवकर मरेल’ हे २,४-डीला उलटं लागू पडतं. कडक मात्रेत पान आधीच करपतं, औषध मुळापर्यंत पोचत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर अमाइन सॉल्टचा जोर कमी होतो, शक्यतो विहिरीचं गोडं, गाळलेलं पाणी घ्या.

कीटकनाशकाचा धुकं करणारा नोझल तणनाशकाला चालत नाही. पंखा फवारणारा फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट लावा, त्यावर प्लास्टिकचं हूड बसवा, दाब कमी ठेवा, नोझल जमिनीपासून गुडघ्याच्या खालीच राहू द्या. ट्रॅक्टरचा पॉवर स्प्रे आणि ड्रोन तुमच्या कुरणात नकोच. पानांवरचं दव सुकल्यावर सुरू करा आणि ऊन चढायच्या आत आटोपा. एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. पहाटे अजिबात वारा नसतो तेव्हा फवारणी सुरक्षित असं समजतात. पण तशा स्तब्ध हवेत बारीक थेंब खाली बसत नाहीत, जमिनीलगत तरंगत राहतात आणि नंतर भलतीकडे जातात. पान हलेल इतपत, पऱ्हाटीपासून दूर जाणारी झुळूक असावी. पुढचे पाच-सहा तास पाऊस नसावा.

फवारणारा मजूर असला तरी मोजे, गमबूट, चष्मा आणि मास्क तुम्हीच द्या. अमाइन सॉल्टचा थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, त्यामुळे डबा ओतताना चष्मा तर हवाच. गेलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुऊन दवाखाना गाठा. तुंबलेला नोझल तोंडानं फुंकायचा नाही. पोटुशी किंवा अंगावर पाजणारी बाई आणि पोरं त्या दिवशी वावरात नकोत. पंप तणनाशकाचा वेगळाच ठेवा, लाल रंगानं मोठी खूण करा. २,४-डी रबरी नळीत मुरून बसतं आणि पुढच्या महिन्यात तोच पंप भासऱ्यांनी पऱ्हाटीवर नेला तर सगळी काळजी वाया. पंप धुतलेलं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ नको, फवारलेल्या भागावरच ओतून टाका.

ढोरं कधी सोडायची, या प्रश्नाचं उत्तर फक्त औषधाच्या अंशावर ठरत नाही. डब्यावर चराईची मुदत छापली असेल तर ती पाळा. अमेरिकेत २,४-डीच्या कुरणासाठीच्या अनेक लेबलांवर दुभत्या जनावरांसाठी ७ दिवसांची मुदत असते. २,४-डी जनावराच्या चरबीत साठत नाही, बहुतेक लघवीवाटे निघून जातं. तरी मी तुम्हाला तीन आठवडे थांबायला सांगेन, आणि त्याचं कारण तणच आहे. फवारा बसल्यावर मरायला लागलेल्या तणात साखरेचं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढू शकतं. एरवी ज्याला ढोर तोंड लावत नाही ते गोखरू, धोतरा, काटेमाठ कोमेजल्यावर त्याला गोड लागतं. विषबाधा होते ती अशी. तण पूर्ण वाळून तपकिरी झालं, कुरकुरीत झालं की मग ढोरं सोडा. तोवर बाहेरचा चारा, कडबा, कुटार यांची सोय आधी करून ठेवा. ती नसेल तर अख्खं कुरण एकदम फवारू नका, एक-एक एकर करून घ्या.

दूध या मुदतीत फवारलेल्या कुरणापासून लांब असलेल्या ढोरांचं असेल तर बिनधास्त विका. एखादी गाय दावं तोडून आत शिरलीच तर तिचं दूध काही दिवस डेअरीला घालू नका, वासरालाही पाजू नका. एरवी गाजरगवत खाल्लेल्या गायीच्या दुधालाही कडवट वास येतो, तो अनुभव तुम्हाला असेलच. कुत्रं असेल तर त्याला बांधून ठेवा. २,४-डी कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश निघतं, म्हणून त्याला गायीपेक्षा जास्त धोका.

भाच्याला सांगा की मागवू नकोस. इथं नोंदणी नसलेलं कीडनाशक परदेशातून आणणं १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात बसत नाही, ही एक गोष्ट. दुसरी त्याहून कामाची. तिकडच्या कुरणाच्या औषधांत ॲमिनोपायरॅलिडसारखे घटक असतात, ते गवतातून गायीच्या पोटात जातात आणि शेणातून जसेच्या तसे बाहेर पडतात. असं शेणखत वांगी-टमाट्याला घातलं तर पानं वळून झाड खुंटतं. इंग्लंडमध्ये लोकांच्या परसबागा अशाच खराब झाल्या आणि २००८ मध्ये तिथं त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली. तुमचं शेणखत संत्र्याच्या बगीच्यात जात असणार. तेव्हा तो विषय तिथंच संपवा.

कोणाला फवारणीत गरगरलं, उलटी झाली तर लगेच सावलीत घ्या, कपडे काढून साबणानं अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि डबा किंवा निदान त्याच्या लेबलचा फोटो डॉक्टरपर्यंत न्या. उलटी करवू नका, ताक-दूध पाजू नका. यवतमाळमध्ये २०१७ ला कापसावर फवारताना वीसहून अधिक कास्तकार-मजूर गेले, तेव्हापासून गावागावांत ‘ॲट्रोपिनचं इंजेक्शन’ हा शब्द माहीत झाला. पण ॲट्रोपिन हा एका गटातल्या कीटकनाशकांवरचा उतारा आहे. २,४-डीला किंवा पॅराक्वाटला तो लागू पडत नाही. डॉक्टरला विष नेमकं कोणतं ते कळलंच पाहिजे. काटोलहून पुढं पाठवलं तर नागपूरचं मेडिकल किंवा मेयो. ढोरासाठी १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे, आणि गुंतागुंत वाटली तर सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यक महाविद्यालय.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही. ३ एकरांत ५ मोठी ढोरं आणि ५ शेळ्या बारमाही चरत असतील तर गवताला वाढायला सवड मिळत नाही, आणि उघड्या जमिनीवर पहिलं येतं ते गाजरगवतच. कुरणाचे तीन भाग पाडा, काटेरी फांद्यांचं कुंपण चालेल. एक भाग पावसाळाभर बंद ठेवा, तिथं मारवेलचे ठोंब आत्ता, या पावसात लावून टाका. महाराजबागेतल्या कृषी महाविद्यालयात ठोंबांची चौकशी करा. स्टायलोचं बी मात्र यंदा टाकू नका. पुढच्या मृगात २,४-डी मारायचं ठरलं तर ते फुकट जाईल. तण आटोक्यात आल्यावर टाका.

राहिला तो डबा. सील शाबूत आहे तोवर या आठवड्यातच परत न्या, एकट्या जाऊ नका, सोबत घरचं कोणीतरी असू द्या. आधी त्या दिवशीचं बिल मागा. बिल देत नसेल तर पैसे परत मागा. दोन्हीला नाही म्हणाला तर डब्याचा चारी बाजूंनी फोटो काढून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मराठीतही चालतो, अर्ज कसा लिहायचा ते तिथं विचारता येईल. शेजारच्या कोणी ‘मला दे, मी वापरतो’ म्हटलं तरी देऊ नका.